पवनचक्कीला माळ द्यावा का? वाऱ्याच्या विजेचे फायदे-तोटे, साइटवरून पाहिलेले

प्रश्न जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. त्यांच्या माळावर ३ मेगावॅटचं एक मशीन उभं करायचं म्हणून कंपनीचे लोक येऊन गेले, अडीच-तीन एकर मागतायत. घरात दोन तट पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो धूर नाही, राख नाही, पडीक माळाचे पैसे येतात, देऊन टाकू. थोरल्या काकांचं म्हणणं, पवनचक्क्या आल्या की पाऊस पळतो आणि रात्रभर घरघर डोक्याशी. तेव्हा पवनऊर्जेचे खरे फायदे-तोटे काय, असं त्यांनी विचारलंय.

माझी सगळी नोकरी याच धंद्यात गेली. आधी साताऱ्याच्या पठारावर देखभालीला, मग धुळ्याकडे साक्रीत, आता प्रकल्पांच्या जागा आणि करार तपासून देतो. म्हणून आधीच सांगतो, वाऱ्याची वीज मला चांगलीच वाटते. पण तिचा फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या पदरात पडत नाही. फायदा जातो ग्रिडला, राज्याला, कोळसा वाचला म्हणून सगळ्यांनाच. तोटा मात्र जिथे खांब उभा राहतो त्याच शिवारात राहतो. त्यामुळे देशाच्या पातळीवरची यादी वाचून तुमच्या माळाचा निर्णय होणार नाही. दोन्ही हिशेब वेगवेगळे मांडावे लागतील.

काकांच्या पावसापासून सुरुवात करतो, कारण सांगली, सातारा, धुळे, नंदुरबार, कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न हाच येतो. पावसाळी वारा अरबी समुद्रावरून जी ओल घेऊन येतो, तो हवेचा थर काही किलोमीटर जाडीचा असतो. आज आपल्याकडे लागणाऱ्या मोठ्या मशीनचं पातं वर टोकाला गेलं तरी जमिनीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटर. एवढ्यानं ढग अडत नाहीत आणि फाटतही नाहीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा पट्टा सह्याद्रीच्या पाठीमागचा, पर्जन्यछायेतला, तो मशीन यायच्या कितीतरी आधीपासून कोरडा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वीज बनवणारी एकही पवनचक्की नव्हती. आपल्या देशात पहिले पवन प्रकल्प १९८६ मध्ये उभे राहिले, रत्नागिरी, ओखा आणि तमिळनाडूत, तेही ५५ किलोवॅटच्या छोट्या मशीनचे. एक गोष्ट मात्र खरी आहे. रात्री पात्यांमागची हवा ढवळली जाते आणि जमिनीलगतचं तापमान थोडं बदलतं, हे मोजलं गेलंय. त्याचा पावसाशी संबंध नाही. ही समजूत पसरली त्याचं कारण मला वेगळंच दिसतं. मशीन आली, गावाला विचारलं नाही, गावाला काही मिळालं नाही, आणि त्याच वर्षी पाऊसही आला नाही.

आता वाऱ्याचं गणित, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटर वारा असलेली जागा आणि ८ मीटरची जागा यांत वेगाचा फरक एक तृतीयांश, पण उपलब्ध ऊर्जेचा फरक जवळजवळ २.४ पट. म्हणून एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं मशीन एका टेकडीवर सोनं पिकवतं आणि शेजारच्या टेकडीवर कर्जाचे हप्तेही भरत नाही. साधारण ३ मीटरला पाती फिरून वीज द्यायला लागतात, ११-१२ मीटरच्या पुढे मशीन पूर्ण क्षमतेला पोचतं आणि बहुतेक मॉडेलं २५ मीटरच्या आसपास स्वतःला वाचवायला थांबतात. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेणं कुणालाच शक्य नाही. जर्मन शास्त्रज्ञ बेट्झनं घालून दिलेली सैद्धांतिक मर्यादा ५९.३ टक्क्यांची आहे.

तुमच्याकडच्या ३ मेगावॅटच्या मशीननं वर्षभरात सरासरी ३० टक्के भार उचलला, म्हणजे पूर्ण क्षमतेनं सतत चालून जेवढी वीज झाली असती तिच्या ३० टक्के दिली, असं धरू. उंच टॉवर आणि लांब पात्याच्या नव्या मशीनला चांगल्या जागी हे जमतं, जुन्यांना विशी गाठतानाही दम लागायचा. म्हणजे वर्षाला सुमारे ७९ लाख युनिट. तेवढी वीज कोळशावर करायची तर पाच हजार टनांहून जास्त कोळसा जाळावा लागतो. औष्णिक केंद्राला युनिटमागे तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं, त्या हिशेबानं सुमारे २.४ ते २.८ कोटी लिटर पाणीही वाचतं. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात वाऱ्याच्या बाजूनं मी पहिला मुद्दा हाच मांडतो, कार्बनचा नंतर. कार्बनचाही हिशेब स्वच्छ आहे. मशीन बनवणं, वाहून आणणं, मोडणं सगळं धरून हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीनं युनिटमागे वाऱ्याला ११-१२ ग्रॅम आणि कोळशाला ८२० ग्रॅम असे मध्यम आकडे दिलेत. पोलाद-काँक्रीटमध्ये जेवढी वीज जाते ती मशीन कधीच फेडत नाही, असं जे फिरत असतं ते खोटं आहे. बऱ्या जागी वर्षभराच्या आतबाहेर फेड होते.

मग तोटा कुठे? वेळेत. आपल्याकडचा वारा मोसमी आहे. महाराष्ट्रात वर्षाच्या जनरेशनचा साठ टक्के किंवा त्याहून मोठा वाटा पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये साइटवर नुसती धावपळ असते. गिअरबॉक्सचं तेल, बोल्टचं टॉर्क, पात्यांच्या कडा, वळवाच्या विजांनी केलेली भोकं, सगळं मृग लागायच्या आत उरकायचं. जुलैत २ मेगावॅटचं मशीन एक दिवस बंद पडलं तर तीस हजारांवर युनिट जातात, म्हणजे लाखभर रुपये. आणि नेमक्या त्याच दिवसांत क्रेन चिखलातून वर येत नाही, आणि वारा सेकंदाला वीस मीटरच्या पुढे गेला की माणसाला नेसेलवर, म्हणजे खांबावरच्या यंत्राच्या पेटीत, पाठवायची परवानगी नसते. उलट ऑक्टोबर हीटमध्ये, शेतीपंप सुरू, घरात पंखे गरगरतायत, राज्याची मागणी चढलेली, आणि डोंगरावरची पाती उभीच्या उभी. फक्त वाऱ्यावर राज्य चालवू म्हणणारा माणूस ऑक्टोबरात कधी साइटवर गेलेला नसतो.

पण हाच मुद्दा उलटाही फिरतो. जुलैत ढगांखाली सोलर मरगळतं तेव्हा वारा भरात असतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावरही तो चालू असतो. म्हणून आता दोन्ही एकाच सबस्टेशनला जोडायचे हायब्रिड प्रकल्प निघतायत, आणि मला त्यांत खरंच दम दिसतो. दुसरी जोडी पाण्याची. साताऱ्याचं वनकुसवडे पठार कोयनेच्या शिवसागराच्या माथ्यावरच आहे. कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीला किती पाणी सोडायचं याला कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. पावसाळ्यात वाऱ्यानं दिलेल्या विजेमुळे त्या कोट्यातलं पाणी वाचलं, तर तेच उन्हाळ्यातल्या संध्याकाळी चालवता येतं. डेन्मार्क निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर काढतो ते नॉर्वेची धरणं तारांनी जोडलेली आहेत म्हणून. आपली धरणं तर त्याच डोंगराखाली आहेत.

विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरची तक्रारही रास्त असते. ग्रिडचा दिवस १५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये मोजतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये किती वीज देणार हे पवन प्रकल्पानं आधी कळवायचं आणि चुकलं तर दंड भरायचा. राज्य वीज नियामक आयोगाचे याबाबतचे नियम २०१८ मध्ये आले. त्याआधी वारा येईल तेवढी वीज ढकलायची आणि बाकी ग्रिडनं बघून घ्यायचं, असा कारभार होता. जुनी इंडक्शन जनरेटरची मशीन ग्रिडला वीज द्यायची आणि उलट ग्रिडकडूनच रिअॅक्टिव्ह पॉवर ओढायची, म्हणजे जी वीज काम करत नाही पण चुंबकीय क्षेत्र आणि व्होल्टेज टिकवायला लागते ती. महावितरणच्या अभियंत्यांचा राग निष्कारण नव्हता. नव्या मशीनमध्ये हा दोष बराच निघून गेलाय.

जुन्या मशीनचा विषय निघालाच आहे तर पैशाचंही सांगतो, नाहीतर साताऱ्याला इतक्या बुटक्या, इतक्या दाटीनं पवनचक्क्या का, हे कळणार नाही. नव्वदीच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे मशीनची सगळी किंमत आयकराच्या हिशेबात नफ्यातून वजा व्हायची. पुढे तो ८० वर आला, २०१२ मध्ये काढला, २०१४ मध्ये परत दिला, २०१७ पासून ४० टक्के. कापडवाले, औषधवाले, सिनेमावाले, ज्यांना नफा दडवायचा होता त्यांनी मार्च संपायच्या आत एकेक मशीन घेतलं. त्यांना युनिट किती पडतात याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, मशीन ३१ मार्चच्या आत कागदावर चालू झालं की काम झालं. वर २००३ मध्ये आयोगानं दर लावून दिला: युनिटला साडेतीन रुपयांपासून सुरुवात, दरवर्षी १५ पैसे वाढ, तेरा वर्षांचा करार. करार संपले तसे ते मालक उघड्यावर आले, कारण तोपर्यंत बाजार बदलला होता. फेब्रुवारी २०१७ च्या केंद्रीय लिलावात दर ३.४६ वर आला आणि त्याच डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २.४३ वर. ग्राहकासाठी ही पवनऊर्जेची सगळ्यात मोठी जमेची बाजू, की इंधनाचं बिल नाही आणि दर पंचवीस वर्षं बांधलेला. उद्योगासाठी तो दर जीवघेणा ठरला, कित्येक प्रकल्प रखडले, आणि पुढे लिलावांतले दर पुन्हा वर सरकले.

आज गंमत अशी की महाराष्ट्रातला सगळ्यात चांगला वारा सगळ्यात जुन्या मशीनच्या ताब्यात आहे. ३५० किलोवॅटची चार-सहा मशीन काढून तिथे एकच मोठं लावलं तर वीज कितीतरी वाढेल. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं देशभरात २ मेगावॅटखालच्या मशीनची अशी बदलायजोगी क्षमता २५ गिगावॅटच्या वर धरली आहे. २०२३ मध्ये त्याचं सुधारित धोरणही आलं. पण सहा मशीनचे सहा मालक, एक मुंबईत, एक वारलेला, एकाची कंपनी दिवाळखोरीत. त्यांची सही गोळा करण्यापेक्षा कंपनीला जतच्या कोऱ्या माळावर येणं सोपं जातं. तुमच्या दारात लोक आले त्यामागे हेही एक कारण आहे. देशाची पवन क्षमता २०२५ च्या मार्चमध्ये ५० गिगावॅट ओलांडून गेली. महाराष्ट्र तेव्हा ५ गिगावॅटच्या थोडा वर अडकून बसला होता, गुजरात आणि तमिळनाडूच्या निम्म्यानेही नाही.

पक्ष्यांचा मुद्दा शहरातले लोक काढतात आणि साइटवरचे लोक हसण्यावारी नेतात. दोघांनीही चाळकेवाडीचा अभ्यास वाचावा. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तो साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर केला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मशीन असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. त्यामुळे सड्यावरचे, म्हणजे खडकाळ पठारावरचे सरडे, ते निळ्या-नारिंगी गळ्याची पिशवी फुगवणारे, तिथे भरमसाट वाढले. ते निर्धास्तही झाले, माणसाला फार जवळ येऊ देऊ लागले, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी भरलं. पण दाटी वाढल्यानं खाण्याची मारामार झाली आणि अंगकाठीवर परिणाम दिसला. मला स्वतःला पठारावर मेलेली घार क्वचितच दिसली, आणि बरीच वर्षं तेवढ्यावरच मी समाधानी असे. अभ्यासाचं म्हणणं असं की किती पक्षी मेले ते मोजणं पुरेसं नाही, किती तिथे यायचेच बंद झाले ते बघा. हा तोटा मशीन लावल्यावर भरून काढता येत नाही, जागा निवडतानाच टाळावा लागतो. सह्याद्रीच्या सड्यांवर नव्यानं पसरू नये असं माझं मत आहे. जतचा मुरमाड, आधीच नांगरलेला माळ त्या मानानं कमी नाजूक, तरी माळढोक-तणमोराच्या गवताळ पट्ट्यात तारांचा प्रश्न उरतोच. राजस्थान-गुजरातेत माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं ते मुख्यतः उंच विजेच्या तारांवरून.

घरघरीबद्दल काकांचं अर्धं बरोबर. दिवसा शिवारात इतर आवाज असतात, रात्री सगळं निवल्यावर पात्याचा सुर्रर्र-सुर्रर्र ठेका ऐकू येतो, आणि ठेक्याचा आवाज सलग आवाजापेक्षा जास्त टोचतो. त्यानं झोपमोड होते, हे मी मानतो. त्यानं गर्भ पडतो, म्हशी आटतात, याला आधार सापडलेला नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितलंय. गावठाण लांब असतं, पण आपल्याकडे माणसं वस्त्यांवर, रानात राहतात, आणि नकाशावर वस्ती दिसत नाही. तुमची वस्ती, चुलत्याची वस्ती, दोन्हीपासून टेप धरून मोजून घ्या. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ पात्याची सावली उंबऱ्यावरून सपसप फिरेल का, हेही त्याच वेळी विचारा. त्याचं गणित कंपनीकडे तयार असतं.

आता करार. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण बहुतेकांचा तोटा वाऱ्यामुळे नाही, कागदामुळे झालाय.

पहिलं, समोर बसलेला माणूस कंपनीचा की एजंट, ते बघा. एजंट स्वस्तात खरेदी करून किंवा साठेखत करून वर चढ्या भावानं देतो. कुलमुखत्यारपत्रावर तर सही करूच नका, एका मशीनसाठी आख्ख्या गटाचे अधिकार दिल्याची प्रकरणं मी तपासली आहेत. दुसरं, अडीच एकर म्हणतात ती खांबाची जागा. प्रत्यक्षात पाती आणायला वळणावर वळण सरळ करत रस्ता येतो, ताली (शेताचे बांध) फुटतात, ओघळ बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या रानात घुसतं. क्रेन उभी करायला मुरूम टाकून रोलरनं दाबलेला चौक असतो. तिथे पुढे कित्येक वर्षं कुसळही उगवत नाही. तो मुरूम कोण काढणार, ताल कोण बांधणार, हे लिहून घ्या.

तिसरं, तारा. मशीनपासून सबस्टेशनपर्यंत सहसा ३३ केव्हीची लाइन जाते. टॉवरच्या जागेचा आणि तारेखालच्या पट्ट्याचा मोबदला देण्याच्या केंद्राच्या ज्या सूचना आहेत त्या ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनसाठी. म्हणजे ज्याच्या रानात खांब आहे त्याला भाडं, आणि ज्याच्या रानातून नुसती तार जाते त्याच्या मोबदल्याची घासाघीस ज्याच्या त्याच्या वकुबावर. गावागावांतली भांडणं इथून सुरू होतात. तारेखालच्या सगळ्यांनी एकत्र बसून बोलणी करा, एकेकट्यानं नाही.

या पैशाभोवती जी माणसं जमतात, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये बीडच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि तपासात पवनचक्की प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला. ठेके, वाळू, मुरूम, सुरक्षारक्षक, केबलचोरी, सगळ्यात कुणीतरी हात घालतं. ऊर्जेच्या पुस्तकात हा तोटा कुठेच छापलेला नसतो. ग्रामसभेत ठराव करून, कुणाला काय मिळणार ते उघड वाचून दाखवून पुढे गेलेली गावं मला तुलनेनं शांत दिसली.

भाड्याचं म्हणाल तर विकण्यापेक्षा भाडेपट्टा बरा, दर दोन-तीन वर्षांनी वाढ ठरवून. वर काढलेल्या ७९ लाख युनिटना साडेतीन रुपये धरले तरी मशीनची वर्षाची कमाई पावणेतीन कोटींच्या घरात जाते. त्यातून त्यांचं कर्ज आणि देखभाल भागते, हे खरं. मेगावॅटला सात-आठ कोटींचा खर्च असतो. पण हा आकडा डोक्यात असला की वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या भाड्यावर तुम्ही दबून बोलणार नाही. उत्पन्नाच्या टक्क्यावर भाडं मागून बघा. सहसा देत नाहीत, पण मागितल्यावर ठोक रक्कम वाढते.

शेवटी मशीन म्हातारं झाल्यावरचं. पंचवीस वर्षांनी खांबाचं पोलाद, तांबं भंगारवाला उचलून नेतो, त्याला किंमत आहे. पाती काचतंतू आणि रेझिनची, ती वितळत नाहीत, कुणाला नको असतात. आणि जमिनीखाली काही शे घनमीटर काँक्रीट उरतं. करारात एवढं हवं: पाती साइटवर न टाकता न्यायची, पाया किमान नांगर-जेसीबी चालेल इतका खोल फोडायचा, आणि त्यासाठीची ठेव किंवा बँक हमी दहाव्या वर्षापर्यंत तुमच्या नावे लागलेली पाहिजे, कारण विसाव्या वर्षी तीच कंपनी असेल याची खात्री नाही. सही करण्याआधी महसुली काम करणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा आणि ढालगावच्या माळावर ज्यांनी जागा दिल्या आहेत त्यांच्याकडे एकदा जाऊन या. भाडं वेळेवर येतं का, एवढंच नका विचारू, रस्त्याच्या आणि तालीच्या कामाला कंपनी परत कधी आली तेही विचारा.